आमदाराच्या गोष्टीत सभागृह कुठे आहे?

'धर्मवीर: मुक्काम पोस्ट ठाणे' हा सिनेमा अशा माणसावर आहे ज्याने आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही. तरीही आपल्याकडे आमदाराचं आयुष्य कसं सांगितलं जातं हे समजून घ्यायचं असेल, तर अलीकडच्या मराठीत त्याच्याइतका उपयोगी सिनेमा मला दिसत नाही. कारण आनंद दिघेंची गोष्ट सांगता सांगता दोन भागांत ती हळूहळू एका आमदाराची गोष्ट होत जाते. तो आमदार म्हणजे एकनाथ शिंदे.

पहिला भाग १३ मे २०२२ ला आला, तेव्हा शिंदे नगरविकास मंत्री होते. दीड महिन्यात ते मुख्यमंत्री झाले. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ ला आला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. या तारखा बघून 'प्रचारपट' असा शिक्का मारून मोकळं होता येतं. बऱ्याच जणांनी तसं केलंही. मला तेवढ्यावर थांबावंसं वाटत नाही. प्रचार करायचा म्हटला तरी काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे कोणीतरी ठरवतंच. या दोन सिनेमांनी ज्या माणसाला एवढ्या प्रेमाने उभं केलंय, त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग त्यांनीच गाळलाय. तो भाग म्हणजे विधानसभा.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. मी बाळकुमला भाड्याने राहतो. इथे दोन ठाणी शेजारी शेजारी आहेत. एक गावठाणातलं, जुन्या आगरी-कोळी घरांचं. दुसरं टॉवरमधलं, माझ्यासारख्या नोकरीसाठी आलेल्यांचं. गावठाणातल्या साठीच्या माणसांकडे दिघेंच्या स्वतःच्या आठवणी आहेत. कोणी टेंभी नाक्याच्या देवीला पाहिलेलं, कोणी तक्रार घेऊन आनंद आश्रमात गेलेलं. आम्हा टॉवरवाल्यांकडे दिघे म्हणजे रिक्षाच्या मागच्या काचेवरचा दाढीवाला फोटो. प्रवीण तरडेंच्या पहिल्या भागाने या दोन्ही ठाण्यांना एकाच थिएटरात बसवलं, ही साधी गोष्ट नाही. प्रसाद ओकने दिघेंची नक्कल केलेली नाही, त्यांची बसण्याची, बघण्याची, गप्प राहण्याची पद्धत पकडली आहे. समोर माणसं रांगेत उभी आहेत, आणि हा माणूस प्रत्येकाचं ऐकून तिथल्या तिथे निकाल लावतोय. ती दृश्यं बघताना मलाही वाटलं होतं की असा कोणीतरी पाहिजे.

असं का वाटतं, याचं उत्तर सिनेमाबाहेर आहे. २०२० मध्ये बाळकुम-साकेतच्या बाजूला १,०२४ बेडचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, 'कोणाला फोन केला की बेड मिळेल?' बेड कुठल्या नियमाने मिळतो हे कोणी विचारत नव्हतं, मीसुद्धा नाही. ज्याच्या घरात माणूस धापा टाकतोय त्याने नियम विचारत बसावं अशी अपेक्षा करणंही चूक. दरबाराची गरज खरी आहे आणि 'धर्मवीर' ती गरज ओळखतो. त्याची ताकद तिथेच आहे.

पण दरबाराने बेड मिळतो तो एकाला. बेड एकूण किती असावेत, त्यावर किती पैसे खर्च व्हावेत, हे दुसरीकडे ठरतं. त्या दुसऱ्या जागेत बसायला आपण आमदार निवडतो.

आता पहिल्या भागातले शिंदे बघा. क्षितीश दातेने ते काम मन लावून केलंय. साताऱ्याकडून ठाण्यात आलेला मुलगा, रिक्षा चालवणारा, किसननगरचा शाखाप्रमुख, १९९७ ला नगरसेवक. २००० मध्ये त्यांची दोन लहान मुलं गावाकडे बोट उलटून गेली. माणूस मोडला, राजकारण सोडायला निघाला. दिघेंनी त्याला परत ओढून आणलं आणि महापालिकेत सभागृह नेता केलं. हा भाग बघताना कोणाचाही गळा दाटेल. तो घडलेला आहे, म्हणून तर जास्तच.

पण या सगळ्यात शिंदेंची प्रत्येक पायरी वरून दिलेली आहे हे लक्षात घ्या. गुरू बघतो, गुरू हात धरतो, गुरू पद देतो. वरच्या पातळीवरही तीच रचना आहे. गुरुपौर्णिमेच्या गाण्यात दिघे बाळासाहेबांचे पाय पूजतात आणि शिंदे ते बघत सोबत असतात. भक्तीची ही उतरंड सिनेमाने फार सुंदर चित्रित केली आहे. मतदार तिच्यात कुठेच नाही. तो दिसतो, पण गर्दी म्हणून. तो रांगेत उभा असतो, रडतो, पाया पडतो. तो कोणाला काही देतो, म्हणजे मत देतो आणि त्यामुळे त्याचं काही देणं लागतं, हे सिनेमाच्या डोक्यात येत नाही. दिघेंच्या बाबतीत ते चालून जातं, कारण त्यांनी मत मागितलंच नव्हतं. आमदाराच्या बाबतीत कसं चालेल?

२६ ऑगस्ट २००१ ला दिघे गेले. २००४ ला शिंदे ठाण्यातून आमदार झाले. मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ ला कोपरी-पाचपाखाडीतून. म्हणजे सलग पाच वेळा. यातली पहिली दहा वर्षं त्यांचा पक्ष विरोधात होता. दहा वर्षं! या काळात विरोधी बाकावरच्या आमदाराकडे काय असतं? तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, कपात सूचना असते, गोंधळ घालून कामकाज बंद पाडायची सोय असते. मंत्र्याला उभं करून उत्तर द्यायला लावता येतं. पुढे २०१४ मध्ये ते महिनाभरही नाही इतका काळ विरोधी पक्षनेते होते आणि मग थेट मंत्री झाले. एका माणसाच्या आयुष्यातली ही वीस वर्षं. सिनेमाच्या हिशेबात ती जवळजवळ रिकामी आहेत.

आणि या वीस वर्षांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती असंही नाही. ठाण्यात राहणाऱ्याला क्लस्टर हा शब्द नवीन नाही. धोकादायक, बेकायदा, एकमेकींना टेकलेल्या इमारती एकेकट्या पाडून बांधण्यापेक्षा अख्खा भागच नियोजन करून नव्याने उभा करायचा, ही ती योजना. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. ठाण्याच्या आमदारांची क्लस्टरची मागणी त्याच्या आधीपासूनची होती आणि त्या मागणीत शिंदेंचा आवाज मोठा होता. त्यानंतर सरकार बदललं, नियम आले, कोर्टकचेरी झाली, अटी बदलल्या. २०२३ मध्ये किसननगरला, म्हणजे ते जिथे शाखाप्रमुख होते त्याच वस्तीत, कामाचं भूमिपूजन झालं तेव्हा ते मुख्यमंत्री होते.

आता सांगा, पटकथा म्हणून यात काय कमी आहे? विरोधी बाकावरचा आमदार वर्षानुवर्षं एकच मागणी करतोय. दरम्यान इमारती पडतायत. मग त्याच्याच हातात खातं येतं आणि त्याला कळतं की मागणी करणं सोपं होतं. योजनेबद्दल प्रश्नही भरपूर आहेत: भाडेकरूचं काय, छोट्या दुकानदाराचं काय, बिल्डरला किती मिळणार, वाढलेल्या लोकसंख्येला पाणी कुठून येणार. असा सिनेमा शिंदेंचं कौतुक करू शकला असता, त्यांच्यावर टीकाही करू शकला असता. निदान तो त्यांच्या कामाबद्दल असता. त्याऐवजी आपल्याला मिळाला एक शिष्य. स्वतःच्या नायकावर एवढा अन्याय करणारा भक्तिपट मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या भागाचं उपशीर्षक आहे 'साहेबांच्या हिंदुत्वाची गोष्ट'. त्यात २०२२ चं बंड हे गुरूच्या विचारांशी राखलेलं इमान म्हणून येतं. पहिल्या भागात निदान टेंभी नाका होता, घाम होता, माणसं होती. इथे पात्रं एकमेकांशी बोलण्याऐवजी आपल्याशी भाषणं करतात. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. समोरच्या बाजूनेही हीच भाषा वापरली. एकाने 'गद्दार' म्हटलं, दुसऱ्याने 'आम्हीच खरे निष्ठावंत' म्हटलं. भांडण कोण जास्त निष्ठावान यावर झालं. निष्ठा हीच आमदाराची कसोटी का असावी, हा प्रश्न दोघांनीही घेतला नाही.

ठाण्यात तर 'गद्दार' या शब्दाला जुना आणि वाईट इतिहास आहे. १९८९ मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेची मतं फुटली. त्यानंतर नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. दिघेंवर आरोप झाला, टाडाखाली अटक झाली, पुढे ते जामिनावर सुटले. हा शब्द आपण आज मीममध्ये वापरतो, तेव्हा या शहरात एकेकाळी तो किती जड होता हे आठवायला हवं.

त्याच्या चार वर्षं आधी, १९८५ मध्ये, देशाने पक्ष बदलणाऱ्या आमदार-खासदारांसाठी घटनेत दहावं परिशिष्ट घातलं होतं. २०२२ ची खरी पटकथा त्या परिशिष्टात आहे. व्हीप कोणी काढायचा, पक्षाने की आमदारांच्या गटाने? अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी कधी घ्यायचा? राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला कधी सांगायचं? २९ जूनला उद्धव ठाकरेंनी विधानसभेला सामोरं न जाता राजीनामा दिला. ४ जुलैला शिंदेंनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांचं बोलावणं चुकीचं होतं आणि व्हीप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, पण ठाकरेंनी स्वतःच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी शिंदे गटच खरी शिवसेना असं ठरवलं आणि कोणालाच अपात्र केलं नाही.

यातल्या प्रत्येक वाक्यात एक अख्खा सीन आहे. आणि प्रत्येक सीनचा माझ्या मताशी थेट संबंध आहे. मी मत दिलं ते माणसाला, पक्षाला की चिन्हाला? ते मत पाच वर्षांत कुठे कुठे फिरू शकतं? गुरू-शिष्याच्या गोष्टीत हे प्रश्न विचारताच येत नाहीत, कारण त्या गोष्टीत मी नाहीच.

हा आजार फक्त ठाण्याचा नाही. सांगोल्याचं उदाहरण घ्या. गणपतराव देशमुख १९६२ ला पहिल्यांदा तिथून निवडून आले आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा जिंकले. मध्ये फक्त १९७२ आणि १९९५ ला हरले. ३० जुलै २०२१ ला ते गेले तेव्हा माझा फोन त्यांच्या रील्सनी भरून गेला होता. एसटीने प्रवास करणारा आमदार. साधा सदरा. मागे हळवं संगीत. १९९५ ला त्यांना हरवणारे शहाजीबापू पाटील २०१९ ला पुन्हा आमदार झाले आणि २०२२ ला गुवाहाटीतून 'काय झाडी, काय डोंगार' म्हणत देशभर पोचले. एकाच मतदारसंघाचे दोन आमदार, दोघंही व्हायरल. एक बसच्या सीटमुळे, दुसरा हॉटेलच्या खिडकीमुळे. गणपतरावांचा साधेपणा खराच होता आणि आज तो दुर्मीळ आहे, हे मान्य. पण अर्ध्या शतकाहून जास्त काळ शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस सभागृहात बसला, दोनदा मंत्री झाला, दुष्काळी तालुक्याच्या पाण्यासाठी भांडला. त्याने तिथे काय विचारलं, काय मिळवलं, कुठे हरला, हे सांगणारं एकही रील मला मिळालं नाही. त्याचा प्रवास आपल्याला माहीत आहे. तो प्रवास करून कुठे जात होता, ते माहीत नाही.

कोणी म्हणेल, सभागृह कंटाळवाणं असतं, त्यावर गोष्ट होत नाही. याला माझं उत्तर तुमच्या सॅलरी स्लिपवर आहे. उघडून बघा. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. पहिल्या नोकरीत मी एचआरला विचारलं होतं की हे कशाचे? 'स्टेटचा असतो' एवढंच उत्तर मिळालं.

तो १९७५ चा कायदा आहे आणि तो आला रोजगार हमीसाठी. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या माणसाने काम मागितलं तर सरकारने ते दिलंच पाहिजे, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात मांडली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खणायला रस्त्यावर उतरली. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा त्यात हक्क झाला, कोणाची मेहेरबानी राहिली नाही. आणि पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांकडून. २००५ ला देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या आधी महाराष्ट्रात हे घडून गेलं होतं.

मुंबई-ठाण्यातल्या पगारातून दरमहा थोडे पैसे काढून दुष्काळी गावातल्या अनोळखी बाईच्या मजुरीला द्यायचे, आणि तिने त्यासाठी कोणाच्या दरबारात उभं राहायचं नाही. ही गोष्ट मला कुठल्याही एंट्री सीनपेक्षा मोठी वाटते. पागेंवर मोठ्या पडद्याचा सिनेमा नाही. त्यांचा फोटो कुठल्याही रिक्षावर नाही. दिघे भेटले त्या प्रत्येकाला ते आठवतात. पागे भेटलेच नाहीत अशा माणसांचा चुलीवरचा भात त्यांच्यामुळे शिजला.

मराठी सिनेमाला सत्तेच्या आतल्या खोल्या दाखवता येत नाहीत असंही नाही. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' १९७९ चा. त्यात मुख्यमंत्री आहे, त्याची खुर्ची हलवणारा अर्थमंत्री आहे, पैसेवाले आहेत, आणि हे सगळं बघून शेवटी डोकं फिरलेला पत्रकार दिगू टिपणीस आहे. तिथेही आमदार बहुतेक मोजण्यापुरतेच आहेत, कोणाच्या मागे किती. पण मोजणी होताना बाहेर राज्यात काय चाललंय हे सिनेमा विसरत नाही. आपल्याला ते जमत होतं. मधल्या काळात प्रेक्षक म्हणून आपणच सोपी गोष्ट मागायला लागलो का, हे तपासायला हवं.

कारण या गोष्टींचा परिणाम थिएटरच्या बाहेर होतो. आमच्याकडे मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. गटार तुंबलं तरी आमदार, बाकडं हवं तरी आमदार. मग बाकडी आली, त्यांवर 'आमदार निधीतून' असं नावासकट रंगवलेलं. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, त्यातून हे होतं. वाईट काही नाही, संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात तिथे. पण बाळकुममध्ये इमारत किती मजल्यांची होणार, रस्ता किती रुंद ठेवायचा, मोकळी जागा किती सोडायची, हे बाकड्यावर लिहिलेलं नसतं. ते डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. ती नगरविकास खात्याने काढली, तेव्हा खात्याचे मंत्री शिंदेच होते. आणि तसा अधिकार सरकारला मिळाला तो विधिमंडळाने केलेल्या १९६६ च्या नगररचना कायद्याने. आमच्या खिडकीतून दिसणारं आकाश किती उरणार हे तिथे ठरलं. त्यावर सभागृहात कोणी काय विचारलं? ग्रुपवर एकदा मी हा प्रश्न टाकला. दोन अंगठे आले आणि खाली वाढदिवसाचा बॅनर.

'धर्मवीर'चा पहिला भाग आवर्जून बघा. प्रसाद ओकसाठी बघा, ठाण्यासाठी बघा, आणि आपल्याला दरबार का हवासा वाटतो हे स्वतःला विचारण्यासाठी बघा. दुसरा भाग नाही बघितला तरी चालेल. पण आमदारावरचा पुढचा सिनेमा, रील किंवा पुस्तक समोर आलं की एक साधी गोष्ट मोजा. यात नायक किती वेळा पाया पडतो, आणि किती वेळा सभागृहात उभं राहून एखाद्या मंत्र्याला प्रश्न विचारतो? दुसरा आकडा शून्य असेल, तर ती गोष्ट आमदाराची नाही. ती आपल्याला रांगेत उभं ठेवणाऱ्या कोणाची तरी आहे.